वकील मिळाला, पोटगी कधी मिळणार?

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण,
मुंबई.



मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र लिहिते आहे. मी वकील नाही. बचत गटांचं काम करता करता नवऱ्याने टाकलेल्या, मारहाणीला कंटाळून माहेरी परतलेल्या, सवत घरात आल्यावर लेकरं घेऊन बाहेर पडलेल्या बायकांशी गाठ पडत गेली आणि त्यांच्यासोबत कोर्टात जाणं हा माझ्या कामाचाच भाग झाला. अर्ज लिहून देणं, तारखा वहीत टिपून ठेवणं, बेलिफाला वस्तीवरचं घर नेमकं कुठे आहे ते सांगणं, पुकारा झाला की घाबरलेल्या बाईला हाताला धरून आत नेणं, एवढंच मी करते. या सगळ्यात आपल्या यंत्रणेचा आधार फार मोठा आहे. ती जिथे कमी पडते तेही आपल्यालाच उघडपणे सांगावं, असं वाटलं.

पत्र जाहीर आहे आणि ज्यांना त्याची गरज आहे अशा बायाही ते वाचतील, म्हणून आपल्याला पाठ असलेल्या दोन गोष्टी त्यांच्यासाठी लिहिते. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 चा. तो अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 ला. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि कोणत्याही बालकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा प्राधिकरण असतं, आणि कुठे जावं हेच कळत नसेल तर 15100 या नंबरवर फोन करता येतो. शिवाय घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रातल्या स्त्रियांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. तरीही दागिना मोडून किंवा गटातून कर्ज उचलून वकील लावलेल्या बाया मला दर महिन्याला भेटतात. काहींना ही सोय ठाऊकच नसते. बाकीच्या म्हणतात, "ताई, फुकटचा वकील मन लावून लढत नाही."

माझं म्हणणं एकच आहे. पोटगीच्या प्रकरणात आपली मदत हुकूम झाला की थांबते. ती बाईच्या हातात पैसे पडेपर्यंत चालली पाहिजे.

आमच्या गटातल्या एका बाईचं सांगते. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. तिला पॅनेलवरचा वकील मिळाला, आणि तो कामसू होता. दंडाधिकाऱ्यांनी तिला दरमहा अडीच हजार आणि दोन्ही लेकरांना दीड-दीड हजार असा हुकूम केला. त्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल तिने बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणली आणि ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिली. पहिले दोन महिने पैसे आले, पुढे बंद झाले. ती वकिलांकडे गेली. ते म्हणाले, "तुमची केस निकाली निघाली, माझी नेमणूक तेवढ्यापुरतीच होती." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नेमणुकीच्या पत्रावर एकाच अर्जाचा नंबर होता. वसुलीसाठी नवा अर्ज करायचा आणि त्यासाठी पुन्हा वकील मागायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीर म्हणाले, ऊस गेला की एकदमच देऊ. भाऊ म्हणाला, थोडं थांब, उगीच वैर नको. असं करत दीड वर्ष निघून गेलं, तेव्हा ती तो लॅमिनेट केलेला हुकूम पिशवीत घालून माझ्याकडे आली.

फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, पोटगी न देणाऱ्यावर वॉरंट काढायची सोय देतं. पण ती रक्कम देणं लागू झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज झाला असेल तरच. प्रत्येक महिन्याच्या रकमेचं वर्ष वेगळं मोजलं जातं. या बाईचे पहिले सहा महिने त्या वर्षाबाहेर गेले होते. दरमहा साडेपाच हजारांच्या हिशेबाने 33,000 रुपये. हक्क बुडत नाही, वॉरंटचा मार्ग तेवढा बंद होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलेलं आहे. पण 33,000 रुपयांसाठी वेगळा दिवाणी मार्ग धरून आणखी काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणं खुरपणीच्या रोजावर जगणाऱ्या बाईच्या आवाक्यातलं नाही, आणि हे तिच्या नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं असणारच. तिला सांगायला मात्र हुकमानंतर कुणीच उरलं नव्हतं.

म्हणून पहिली विनंती साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. पॅनेल वकिलाच्या नेमणूकपत्रातच ‘पोटगीचा अर्ज, त्यावरील हुकूम आणि त्या हुकमाची वसुली’ असं लिहिलं जावं. हुकूम झाल्याची नोंद तालुका समितीकडे राहावी आणि सहा महिन्यांनी समितीतून, निदान विधी स्वयंसेवकाकडून, बाईला फोन जावा: पैसे येतात का? येत नसतील तर अमुक तारखेच्या आत या. नकलेबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यावर वर्षाची मुदत लिहिलेली असावी, आणि गावोगाव जो गैरसमज आहे त्याचं उत्तरही असावं. "तो महिनाभर आत बसून आला, आता हिशेब मिटला," असं चावडीवर बोललं जातं आणि बायांना ते खरं वाटतं. तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच स्पष्ट केलं आहे. अशिक्षित बाई सोडाच, पदवीधर मुलींनाही हे ठाऊक नसतं.

याला जोडूनच लोक अदालतीबद्दल. तडजोडीला माझा विरोध नाही. भांडण लवकर मिटलं तर लेकरांचं भलंच होतं आणि आपल्या लोक अदालतींनी कित्येक घरं सावरलेली मी पाहिली आहेत. पण पोटगीच्या प्रकरणात पॅनेलसमोर पहिला घास बहुतेक वेळा थकबाकीचाच पडतो. "मागचं सोडून द्या, पुढचं दरमहा देईल म्हणतो," असं दोन्हीकडचे वकील, कधी नातेवाईक, कधी पॅनेलवरचं कुणी वडीलधारं माणूस सांगतं आणि बाई मान हलवते. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आज सोडलेले 60,000 रुपये उद्या परत मागता येत नाहीत. माझी विनंती आहे की सही घेण्याआधी थकबाकीचा आकडा कागदावर मांडून तिला वाचून दाखवावा आणि त्यातला लेकरांचा वाटा वेगळा दाखवावा. तो लेकरांचा हक्क आहे. आईच्या एका सहीने त्यावर पाणी सोडलं जाऊ नये. स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहून घेतलेल्या ‘फारकती’बद्दलही तालुक्या-तालुक्यात बोललं गेलं पाहिजे. पंच बसतात, एकरकमी काही हजार ठरतात, बाईचा अंगठा उठतो आणि ती पुढे वर्षानुवर्षं आपला घटस्फोट झाला असं समजून जगते. एखाद्या समाजात तशी रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, एरवी त्या कागदाने लग्न मोडत नाही.

आता पैसे येणार कुठून, याबद्दल. नवऱ्याचं उत्पन्न सिद्ध करणं ही बायांची सगळ्यात मोठी अडचण असते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात 2013 साली सुरू झालेलं एक प्रकरण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या बाईला 2015 मध्ये दरमहा 15,000 रुपये अंतरिम पोटगी मिळाली होती आणि तेवढ्यावरच इतकी वर्षं झगडा चालला. 4 नोव्हेंबर 2020 चा तो निकाल आता कोर्टाच्या आवारात ‘रजनेश-नेहा’ म्हणून सगळ्यांच्या तोंडी आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे त्यात ठरलं. पण त्या निकालाला जोडलेला दुसरा नमुना फार थोड्या लोकांनी उघडून पाहिला असावा. तो खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. जमीन किती, सामाईक असेल तर वाटा किती, बागायत की जिरायत, पाण्याची सोय काय, पीक कोणतं, त्यातून काय मिळतं, जनावरं किती, कर्ज कुणाचं, हे सगळं त्यात विचारलेलं आहे. आमच्याकडच्या बहुतेक फायलींत मला नोकरदारांचाच नमुना दिसतो. त्यात ‘पगार’ या रकान्यापुढे ‘नाही’ आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे ‘मजुरी’ असं लिहून माणूस मोकळा होतो. तीन एकर ऊस वडिलांच्या नावावर, विहिरीवरची मोटर त्याच्या पैशाची, गोठ्यात दोन जर्सी गाई, आणि कोर्टात तो मजूर. या प्रतिज्ञापत्रांचं पालन होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 2023 मध्ये पुन्हा सगळ्यांना आठवण करून द्यावी लागली. शेतीचा नमुना मराठीत छापून प्रत्येक तालुका समितीच्या टेबलावर ठेवणं आपल्या हातात आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. मग सासरच्या शिवाराची खडान्खडा माहिती असलेल्या बाईला तो कागद स्वतः वाचता यावा. विहीर कोणत्या बांधावर आहे, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, हे तिच्याइतकं वकिलाला कधीच कळणार नाही.

कारखान्यावरून आणखी एक. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 20 आर्थिक मदतीचं आहे. त्याच्या सहाव्या पोटकलमात दंडाधिकाऱ्याला असा अधिकार दिलेला आहे की नवऱ्याचा मालक, किंवा नवऱ्याला पैसे देणं लागणारा कुणीही, त्याने त्यातला हिस्सा थेट बाईला द्यावा किंवा कोर्टात भरावा. नोकरदाराच्या बाबतीत हे कधीमधी मागितलं जातं. पण खेड्यात नवऱ्याला पैसे देणं लागणारा म्हणजे साखर कारखाना, डेअरी, आडत्या. उसाचं बिल बँकेच्या खात्यात येतं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. हे सगळं नोंदलेलं असतं, त्यात लपवाछपवी करणं अवघड. आमच्या तालुक्यात एका तरुण पॅनेल वकिलाने हे कलम लावून डेअरीच्या पैशातून हिस्सा मागितला आणि तो मंजूर झाला. त्या बाईच्या खात्यात महिन्यातून तीनदा थोडी थोडी रक्कम जमा होते. नवरा गोठा मोडीन म्हणाला होता. अजून मोडलेला नाही, कारण त्यालाही त्याच दुधावर जगायचं आहे. वॉरंट, बेलिफ, ‘इसम घरी आढळून आला नाही’ असा शेरा, पुन्हा वॉरंट, हा फेरा तिच्या वाट्याला आलाच नाही. असे अर्ज कसे लिहायचे याचं एक दिवसाचं शिबिर आपण प्रत्येक ऊसपट्ट्यातल्या पॅनेल वकिलांसाठी घेतलंत, तर जनजागृतीच्या कितीतरी फेऱ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

ज्यांच्या घरी ऊस नाही, ज्या तो तोडायला जातात, त्यांचं आणखी वेगळं आहे. बीड, धाराशिव, जालना इकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्याची असते. नवऱ्याने टाकलेली बाई मुकादमाच्या हिशेबात अर्धा कोयता. मग ती भावाबरोबर, कधी वयात आलेल्या पोराबरोबर जोडी लावून जाते, कारण न जाऊन चालत नाही. तिच्या पोटगीच्या अर्जाची तारीख पौषात लागते. त्या दिवशी ती दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात असते. यायचं तर दोन दिवसांचा रोज जातो, एसटीचं भाडं जातं, आणि मुकादम बोलतो ते वेगळंच. ती येत नाही, अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो. उन्हाळ्यात गावी आल्यावर तिला कळतं.

यावरचा उपाय आपल्या यंत्रणेत आधीच तयार आहे. कारखाने जिथे आहेत तिथेही आपलीच तालुका समिती आहे, तिथेही संगणक आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या तालुका समितीत बसून बीडच्या बाईला आपल्या कोर्टापुढे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहता आलं पाहिजे. नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कामकाज करण्याला जागा दिलेली आहे. हंगामात जाणाऱ्या बाईच्या अर्जावर ठळक अक्षरांत ‘ऊसतोड कामगार’ अशी नोंद असावी, म्हणजे साक्षीची तारीख वैशाखात आणि केवळ हजेरीची तारीख हंगामात लावता येईल. हे न्यायाधीशांच्या अधिकारातलं आहे, हे मला कळतं. पण तसा अर्ज प्रत्येक वेळी वकिलाने करावा हे सांगणं आपल्या अधिकारातलं आहे.

मुलांच्या ताब्याबद्दल लिहिताना हात जड होतो. आमच्याकडे भांडण विकोपाला गेलं की सासरचे म्हणतात, मुलगा आमचा, मुलगी तू घेऊन जा. कायद्यात अशी वाटणी कुठेच नाही. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं असं 1956 चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा सांगतो आणि त्यापुढे प्रत्येक मुलाच्या बाबतीत त्याचं हित हीच एक कसोटी आहे. पण मूल एकदा सासरी राहिलं आणि शाळेत नाव घातलं गेलं की कायम ताब्याचा दावा 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात लावावा लागतो. म्हणजे बाईने पुन्हा सासरच्याच गावी जायचं. हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा आपल्या माहेरच्या तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याकडेही मागता येतो, हे पॅनेल वकिलांनी पहिल्याच अर्जात घातलं तर किती तरी महिने वाचतात. नाहीतर तेवढ्या काळात मूल सासरच्या घराला सरावतं, आणि मग ‘आता तिथेच रुळलंय’ हेच कारण पुढे येतं. माहेरी आणलेल्या मुलाला शाळेत घालायला गेलं की जुन्या शाळेचा दाखला मागतात, आणि तो बापाने अडवून ठेवलेला असतो. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. तालुका समितीच्या शिक्क्याचं दोन ओळींचं पत्र मुख्याध्यापकांना गेलं की प्रवेश त्याच दिवशी होतो. मी तो होताना पाहिला आहे.

बापांबद्दलही लिहायला हवं. पोटगी नियमित देणारा आणि तरीही लेकराचं तोंड वर्षभर न पाहिलेला बाप मला माहीत आहे. पोटगी आणि भेट हे एकमेकांच्या बदल्यात द्यायचे सौदे नव्हेत. पैसे थकले म्हणून लेकराने बापाला भेटू नये असं नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पैसे बंद करता येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या कुटुंब न्यायालयांत मुलांच्या भेटीसाठी निराळी जागा असते, समुपदेशक असतात. तालुक्याला ती भेट कोर्टाच्या व्हरांड्यात होते. मागे बेड्या घातलेला आरोपी घेऊन पोलीस उभे असतात, समोर वकिलांची टेबलं, आणि मध्ये पाच वर्षांची पोर बापाने आणलेल्या नव्या फ्रॉककडे बघत आजीच्या पदराला घट्ट धरून बसलेली. आपल्या समितीची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. ती या भेटींसाठी उघडून दिली आणि एक विधी स्वयंसेवक बसवला तर निदान पोलीस आणि बेड्या मुलांच्या नजरेपासून दूर राहतील.

जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे पोटगी आणि हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्याकडे, घटस्फोट मात्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय असेल त्या गावी, अशी पायपीट असते. त्यातच बाईने पोटगी मागितली की उत्तर म्हणून नवरा ‘नांदायला ये’ असा दावा आपल्या गावी लावतो. नांदायला जाण्याची सक्ती नको म्हणून रखमाबाईंनी मुंबई उच्च न्यायालयात झुंज दिली ती 1884 ते 1888 या काळात. तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 च्या रूपाने अजून चालूच आहे. समन्स हातात पडलं की माहेरचे घाबरतात आणि पोटगीचा अर्जही सोडून देतात. असा हुकूम नवऱ्याच्या बाजूने झाला तरी बाईकडे न नांदण्याचं सबळ कारण असेल तर तेवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही कलम 125 खाली पोटगी मागता येते, हे 10 जुलै 2024 च्या निकालाने पुन्हा पक्कं झालं. अशा निकालांची दोन पानी मराठी पत्रकं गटांच्या बैठकीत वाटता आली, तर मी ती स्वतः पोचवीन.

आता पुन्हा ‘फुकटच्या वकिला’कडे येते. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो आणि हातात पडायला वेळ लागतो. मोफत म्हणून नेमलेले काही जण मग बाईकडून दर तारखेला ‘खर्चापाणी’ घेतात, आणि ती गप्प राहून देते, कारण तक्रार केली तर केस बिघडेल अशी भीती तिला असते. प्रामाणिक वकील पॅनेल सोडून जातात. आपल्या 2010 च्या विनियमांत वकिलांच्या कामावर लक्ष ठेवायला देखरेख समिती सांगितलेली आहे. त्या समितीने बाईला वर्षातून एकदा, वकील समोर नसताना, तीनच प्रश्न विचारावेत: पैसे द्यावे लागले का, तारखेला वकील आले का, पोटगी मिळाली का.

खरा मार्ग मला त्यापुढचा वाटतो. 2022 पासून राष्ट्रीय प्राधिकरणाने फौजदारी खटल्यांतल्या गरीब आरोपींसाठी बचाव पक्षाच्या पूर्णवेळ, पगारी वकिलांची कार्यालयं जिल्ह्या-जिल्ह्यात उभी केली. ती हवीच होती. गरीब माणूस वकिलाअभावी तुरुंगात सडू नये. पण तीच व्यवस्था पोटगी आणि ताब्याच्या प्रकरणांना का नसावी? जिल्ह्याला एक पूर्णवेळ वकील, दोन साहाय्यक, आणि त्यांचं काम हुकमांच्या संख्येवरून न मोजता बायांच्या खात्यात जमा झालेल्या रकमेवरून मोजायचं. निदान मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात हे करून बघावं. राज्याच्या तिजोरीवर त्याचा भार फार पडणार नाही, आणि आपल्या अहवालात ‘इतक्या महिलांना विधी साहाय्य दिलं’ या ओळीखाली ‘इतकी पोटगी वसूल झाली’ अशी दुसरी ओळ लिहिता येईल. ती ओळ आजवर मी कोणत्याही फलकावर वाचलेली नाही.

संगमनेरहून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तेव्हा अशा बायांना समाजात नावही नव्हतं. ‘टाकलेली’ एवढीच ओळख. त्या लढ्यानंतर कायदे आले, कलम 125 मधली दरमहा 500 रुपयांची मर्यादा 2001 मध्ये गेली, अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच लिहिलं गेलं. बायांनी आपल्या बाजूचं सगळं केलं आहे. लाज बाजूला ठेवून त्या कोर्टात आल्या, भर कचेरीत घरातलं सगळं बोलल्या. उरलेलं काम कचेरीचं आहे.

यंदाच्या टोळ्या निघायला थोडेच दिवस आहेत. त्याआधी आमच्यासारख्या तालुक्यांतल्या समित्यांकडून आपण एवढी एकच यादी मागवावी: विधी साहाय्यातून पोटगीचे हुकूम झालेल्या बाया किती, त्यातल्या किती जणींना आज पैसे मिळतात, आणि ज्यांना मिळत नाहीत त्यांच्या वसुलीच्या अर्जाची वर्षाची मुदत कोणत्या तारखेला संपते. माझ्या वहीतली नावं मी समितीला द्यायला तयार आहे. जिची मुदत हंगामात संपते तिचा अर्ज ती गाडीत बसण्यापूर्वी दाखल व्हावा, एवढी व्यवस्था याच महिन्यात करावी, ही विनंती.

आपली,
तालुक्याच्या कोर्टात बायांसोबत येणारी एक बचत गट कार्यकर्ती